मंदाताई, बिजागऱ्या तशाच आहेत

मंदाताई,

चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून आधी तेच सांगतो. एसटी स्टँडकडून येताना डाव्या हाताला, औषधाच्या दुकानाच्या वर. शाळेतून निवृत्त झालात तेव्हाचा शाल पांघरलेला फोटो घेतलाय आणि तुमच्या मागे एक धबधबा सोडलाय. असला धबधबा जुन्नर तालुक्यात नाही आणि आंबेगावातही नाही. रंग बराच उजळ केलाय आणि डाव्या गालावरची चामखीळ गायब आहे. मी फ्लेक्सवाल्याला विचारलं, "चामखीळ कुठं ग्येली रं?" तो म्हणाला, "साफ केली दिनूभाऊ. बरं दिसतं." मी भर चौकात त्याच्याशी भांडलो. लोकांना वाटलं, मला दुःख अनावर झालंय. दुःख होतंच, पण भांडण चामखिळीवरूनच होतं.

तुमचा जन्म कुठला, किती शाळांवर शिकवलंत, कुणी कुणी तुम्हाला शाल-नारळ दिला, हे सगळं दहाव्याला चार जणांनी वाचून दाखवलं. मी ते लिहीत बसत नाही. मी फ्रेमवाला माणूस. अठरा वर्षं आपण भांडलो, त्यातलं एक भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात आणि मला त्याचा राग आलाय. तो दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा जुन्या बाजारपेठेतल्या माझ्या दुकानात नेहमीचाच माल होता. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो. तुम्ही जुन्या साडीत गुंडाळलेली चित्रं काच कापायच्या टेबलावर सोडलीत आणि म्हणालात, "ही आपल्या दोन तालुक्यांची चित्रं आहेत. वाचनालयाच्या माडीवर लावायचीत, कायमची. कुणीही यावं आणि फुकट बघावं." मी बघितलं. धोंडिबा कंडक्टरनं गाडी थांब्यावर उभी असताना काढलेली प्रवाशांची तोंडं. डोंगरातल्या एका मास्तरांनी रंगीत खडूंनी रंगवलेली भाताची खाचरं. खोडदच्या एका वायरमननं काढलेल्या त्या अवाढव्य दुर्बिणीच्या डिश आणि खाली चरणाऱ्या शेळ्या. मी म्हणालो, "बाई, ह्यात एकबी नावाजलेला माणूस न्हाई." तुम्ही म्हणालात, "नावाजलेल्यांना भिंती आहेत रे. ह्यांना नाहीत."

गंमत म्हणजे तुम्हाला स्वतःला साधं बदक काढता येत नव्हतं. फळ्यावर बदक काढलं की पोरं "बाई, चपलेला डोळा कशाला?" असं विचारायची, हे तुम्हीच हसत सांगायचात. पण दुसऱ्याचं चित्र हातात घेतलं की तुम्ही अशा गप्प व्हायचात की दुकानात उभा असलेला गिऱ्हाईकसुद्धा आवाज खाली करायचा.

पहिल्या खेपेला तुम्ही नऊ चित्रं दिलीत. सगळी खडूची. पेस्टलचा खडू फार नाजूक, बोट लागलं तरी निघतो, हे तुम्ही तीनदा सांगितलंत. मी मनापासून काम केलं, ताई. देवाचा फोटो फुगू नये म्हणून तो हार्डबोर्डवर खळीनं चिकटवायचा, ही आमच्या धंद्याची वडिलोपार्जित रीत. खाली बटर पेपर अंथरला, चित्र अलगद पालथं घातलं, पाठीला सारखी खळ फासली, बोर्ड चढवला, वर वजन ठेवलं. नऊही चित्रं पाटासारखी सपाट. त्यातलं एक धोंडिबानं काढलेलं माझ्या वडिलांचं होतं. दुकानात बसून काच कापताना. बापाचं चित्र म्हणून त्याला मी दोन हात खळ लावली.

तुम्ही आलात, एक फ्रेम उचललीत आणि उलटी केलीत. मग दुसरी उलटी केलीत. "मागचं कुठं आहे?" तुम्ही विचारलंत.

"मागचं काय?"

"मागं लिहिलेलं होतं, दिनकर."

तुम्ही मला दिनकर म्हणालात तेव्हाच मला कळायला हवं होतं. एरवी मी दिनू.

चित्र माडीवर लावायच्या आधी तुम्ही ते त्याच्या गावाला घेऊन जायचात, हे मला त्या दिवशी कळलं. ज्याचं चित्र असेल त्याला, तो नसेल तर त्याच्या घरच्यांना, शेताचं असेल तर शेजारच्या बांधावरच्याला ते दाखवायचं. तो माणूस ओळख पटवणार आणि त्या वेळी जे बोलेल ते जसंच्या तसं, त्याच्याच बोलीत, चित्राच्या पाठीवर शाईच्या पेननं उतरवायचं. ओळख पटली नाही तर चित्राला भिंत नाही. नऊ चित्रांच्या पाठीवर नऊ माणसं बोलली होती आणि मी त्यांच्या तोंडाला खळ फासली होती.

तुम्ही महिनाभर माझ्याशी बोलला नाहीत. मी अजूनही म्हणतो, सांगायला हवं होतंत. तुम्ही म्हणायचात, पाठीवर एवढं अक्षर दिसत असताना माणूस वाचत कसा नाही? ताई, फ्रेमवाल्याकडे येणाऱ्या प्रत्येक फोटोच्या मागे काही ना काही असतंच. स्टुडिओचा शिक्का, किराण्याची यादी. ते वाचत बसलो तर धंदा कधी करायचा? तुम्ही वर आहात म्हणून मी माघार घेईन असं समजू नका. निम्मी चूक तुमचीच होती.

पण महिन्यानं तुम्ही दुकानाच्या पायरीशी आलात आणि म्हणालात, "चल. फ्रेमा तू उचल, वही मी घेते. परत विचारून येऊ." तो दिवस मी विसरणार नाही. कारण त्यानंतर मी जेवढा फिरलो तेवढा माझ्या लग्नातही फिरलो नव्हतो. एसटीच्या मागच्या सीटवर मी फ्रेमा मांडीवर धरून बसलेलो आणि तुम्ही कंडक्टरला अर्ध्या तिकिटावरून चिडवताय, "चित्रातली माणसं बसलेली नाहीत हो, त्यांचं तिकीट लागत नाही."

खोडदला तुम्ही शेळ्यांचं चित्र एका कांदेवाल्या शेतकऱ्यासमोर धरलंत. त्यानं डोळे बारीक करून बघितलं. "डिश बराबर हाय," तो म्हणाला. "पण शेळ्या खोट्या. तितं तारंचं कुंपन हाय, शेळी आत जाईलच कशी?" त्याची बायको भाकरी थापता थापता आतून ओरडली, "आपलीच ग्येली व्हती की! दोन दीस सापडली न्हवती!" तुम्ही दोघांचंही उतरवून घेतलंत, भांडणासकट. उसाच्या शेताचं एक चित्र होतं, नुसता हिरवा ऊस आणि वर आभाळ. ते एका आजीला दाखवलं तर ती मागे सरकली. "ह्यात बिबट्या हाय," ती म्हणाली, "दिसत न्हाई येवढंच." तेही तुम्ही लिहिलंत. परत येताना अंधारायला लागलं होतं आणि तसाच ऊस दोन्ही बाजूंना होता. तुम्ही मोठ्यानं पाढे म्हणत चालत होतात आणि मी फ्रेमा ढालीसारख्या पुढे धरल्या होत्या.

आणि डोंगरातली हौसाबाई. मास्तरांच्या खाचरांच्या चित्रात कडेला एक हिरड्याचं झाड आहे. हौसाबाईनं त्या झाडावर काचेवरून बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. मग बोलली, "ह्या हिरड्याखाली माझा बाप बसायचा. आता तितं फार्महाऊसचं गेट हाय. झाड हाय तितंच. सावली आत ग्येली." तुमच्या पेनाला वहीत हे लिहायला वेळ लागला. मी तिकडे बघत नव्हतो, कारण मला बघवत नव्हतं.

त्या खेपेला माझ्या डोक्यात बिजागरीची कल्पना आली. चित्र चिकटवायचंच नाही. पुढून काच, मागून काच, मध्ये जाड पुठ्ठ्याची माउंटची पट्टी, म्हणजे खडूला काचेचा स्पर्श नाही. आणि खिळ्याला टांगण्याऐवजी फ्रेमच्या एका बाजूला बिजागऱ्या लावायच्या, खिडकीच्या झडपेसारख्या. आधी चित्र बघा, मग झडप फिरवा आणि पाठ वाचा. जुन्या नऊ बोर्डांवर मागच्या बाजूला नवीन कागद लावून तुम्ही परत मिळवलेले शब्द लिहायचे. पहिली फ्रेम मी तुम्हाला फिरवून दाखवली तेव्हा तुम्ही ती पंधरा वेळा उघडमीट केलीत. म्हणालात, "दिनू, तू मला आयुष्यभराचं काम लावलंस." माफी मागायची होती, ती मी अशी मागितली. तोंडानं कधी मागितली नाही. आता मागतो. माझं चुकलं, ताई. निम्मं.

तुमचंही चुकायचं. कळंबच्या त्या मुलीनं मनातल्या गावाचं किती सुंदर पेस्टल आणून दिलं होतं. निळी घरं, पिवळी नदी. तुम्ही ते परत केलंत, कारण ते गाव कुठेच नाही आणि ओळख पटवायला कुणी नाही. ती पोरगी पुन्हा आली नाही. मी म्हटलं, तिची तिनं ओळख पटवली असती की. तुम्ही म्हणालात, नियम म्हणजे नियम. मला अजून ते चित्र आठवतं आणि अजून तुमचा राग येतो.

नवांपैकी आठ चित्रांना पुन्हा पाठ मिळाली. नववं दुकानातच राहिलं. माझ्या बापाचं.

पहिल्यांदा त्या चित्राची ओळख माझ्या आईनं पटवली होती. मी त्या दिवशी काच आणायला मंचरला गेलो होतो. आई काय बोलली ते तुम्ही पाठीवर लिहिलंत आणि आठवड्यानं मी त्यावर दोन हात खळ लावली. तुम्ही परत विचारायला आलात तोवर आईला झटका आला होता आणि तिची वाचा गेली होती. मग ती गेली. मी तुम्हाला म्हटलं, "तुमाला तर आठवत आसंल ती काय बोल्ली त्ये. त्येच लिवा." तुम्ही मान हलवलीत. "पाठ आहे मला. पण ती गेली, आता तिच्या तोंडचं मी सांगितलं तर ते माझं होईल. ओळखणारा अजून एक जण आहे. तू सांग, मी लिहिते."

मी नाही म्हणालो.

तुम्ही दर दिवाळीनंतर वही घेऊन पायरी चढायचात. "दिनू, वही आणलीय." मी म्हणायचो, "काच कापतोय ताई, नंतर." एकदा मी चिडून खरं कारण सांगून टाकलं होतं. चित्र खोटं आहे. त्यात बाप हातात कटर धरून, मान वाकडी करून, एकचित्तानं काच कापतोय. बघणारा म्हणतो, वा, काय कारागीर! पण धोंडिबानं ते काढलं तेव्हा बापाला दिसत नव्हतं. मोतीबिंदू आणि वर साखरेचं दुखणं. बाजारात कुणाला माहीत नव्हतं, आम्ही कळू दिलं नव्हतं. गिऱ्हाइकाला काच त्याच्याच हातची हवी असायची. म्हणून तो कटर धरून बसायचा आणि मी बाजूला उभा राहून त्याचा हात माझ्या हातात घेऊन ओढायचो. लोकांना वाटायचं, पोरगा शिकतोय.

तुम्ही पेनाचं टोपण काढून म्हणालात, "हेच सांग की मग. हेच लिहिते." मी टेबलावर हात आपटला. म्हणालो, घरातली गोष्ट चव्हाट्यावर टांगायची का? मरेपर्यंत ज्यानं लपवलं ते तो गेल्यावर मी उघडं करू? तुम्ही शांतपणे टोपण लावलंत. "हौसाबाईनं सांगितलं," एवढंच म्हणालात. मला ते लागलं. म्हणून तर मी तुम्हाला चहासुद्धा विचारला नाही.

ह्या वर्षी तुम्ही काठी टेकत आलात. दोन पायऱ्या चढायला मध्ये थांबावं लागलं. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "पुढच्या टायमाला नक्की." तुम्ही वही टेबलावर ठेवलीत, वर पेन ठेवलंत. "पुढच्या वेळी मी येणार नाही, दिनू. वही तुझ्याकडेच असू दे." मी हसलो. मला वाटलं, गुडघ्यांबद्दल बोलताय.

तुमचा दहावा कळंबला नदीकाठी झाला. तुम्हाला दशक्रियेतली भाषणं आवडायची नाहीत. माणूस गेलेला एकाचा आणि प्रचार दुसऱ्याचा, असं म्हणायचात. तुमच्या वाट्यालाही तेच आलं. कावळा मात्र लगेच शिवला. सगळे म्हणाले, ताईंची काही इच्छा राहिली नव्हती. मी मनात म्हटलं, ह्या बाईनं कावळ्यालासुद्धा रांगेत उभं राहू दिलं नाही, भाषणं टाळायची घाई.

पण भाषणं टळली नाहीत. चित्रसंग्रहाच्या समितीचे नवे अध्यक्ष उठले. माणूस वाईट नाही, तुमच्याबद्दल चांगलंच बोलला. मग म्हणाला, तुमच्या नावानं माडीवरच नवं दालन करायचं. त्यात सगळ्या चित्रांचे मोठमोठे फ्लेक्स, दारातून दिसतील असे. मूळ चित्रं उजेडानं खराब होतात म्हणून कपाटात, कुलपात. तीही नव्या फ्रेमांत, मागून प्लाय ठोकून पक्की बंद. "त्या कपाटाच्या दारासारख्या बिजागऱ्या आता काढू. आणि मागच्या काही मजकुरावरनं उगाच लोकांची मनं दुखावतात. चित्र बघावं, आनंद घ्यावा. कशाला वाद?"

खडू उजेडाला भितो, हे त्यांचं खरं आहे. त्यासाठी पडदे लावा, मी शिवून आणतो. पण मनं कुणाची दुखावली होती ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हिरड्याच्या झाडाची सावली ज्याच्या गेटाच्या आत गेली होती, तो पाहुण्यांना घेऊन माडीवर आला होता. एका पाहुण्यानं हौसेनं झडप फिरवली आणि मोठ्यानं वाचलं. त्यानंतरच ह्या प्लायची गरज निर्माण झाली.

मी उठलो. मला भाषण येत नाही. म्हणालो, "मागं एकदा ह्याच चित्रांची पाठ म्या बंद केली व्हती. न कळता. त्या पापाला अठरा वर्सं झाली, अजून फिटलं न्हाई. आता कळून सवरून न्हाई करनार. फ्रेमा माझ्या हातच्या हायेत. बिजागरी काडायची आसंल तर आधी माझा हात धरा."

कुणीतरी म्हणालं, "दिनूभाऊ, दहाव्याला भांडण नको." दुसरा म्हणाला, "फ्रेमवाले लई हायेत तालुक्यात, राव." माझं तोंड उतरलं, कारण ते खरं होतं. चित्रं माझी नाहीत. मी कोण?

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं हौसाबाई उठली. डोंगरातून पहाटेच्या एसटीनं आली होती. पदर खोचला आणि अध्यक्षांकडे बघून म्हणाली, "आवं साहेब, चित्र मास्तरांचं आसंल. भित वाचनालयाची आसंल. पन मागं जे लिवलंय त्ये माझं बोलनं हाय. ताईनं मला इचारून लिवलं. तुमाला झाकायचं आसंल तर मला इचारा. आन् मी न्हाई म्हन्ते."

मग खोडदचा कांदेवाला उठला. "आमचंबी इचारा," तो म्हणाला. त्याच्या मागून त्याची बायको, "दोगांचं येगळं इचारा!" लोक हसले, आणि ताई, दहाव्याला हसणं बरं नाही हे मला कळतं, पण मीही हसलो. एकेक जण उभा राहायला लागला. बिबट्यावाल्या आजीचा नातू. बापासारखाच कंडक्टर झालेला, सुट्टी काढून आलेला धोंडिबाचा मुलगा. तुम्ही अठरा वर्षं ज्यांच्या ओसरीवर बसलात ती सगळी माणसं. अध्यक्ष म्हणाले, "बघू, बैठकीत बघू."

चार दिवसांनी ते दुकानात आले. बैठक झाली होती. ज्यांनी उभं राहून नाही म्हटलं त्यांच्या चित्रांचा विचार नंतर करू, बाकीच्या फ्रेमा तरी बंद करून द्या, म्हणाले. लेखी ऑर्डर आणली होती, आणि काम तुमच्या नावाचं असल्यानं मलाच द्यायची त्यांची इच्छा होती. आवाजात गोडी होती. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आणि दिनूभाऊ, तुम्ही एवढं पाठीचं महत्त्व सांगता. तुमच्या वडिलांचं चित्र आजवर दुकानातच का मग? त्याच्या पाठीवर काय लिहिलंय?"

ऑर्डर मी घडी न मोडताच परत दिली. पण सवाल बिनतोड होता. दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवायला निघालेला मी, स्वतः अठरा वर्षं तोंड मिटून बसलो होतो. तुम्ही हेच विचारायचात, फक्त तुमच्या आवाजात टोचणी नसायची. तुमच्या हातात पेन असायचं.

मी चित्र खाली काढलं. खरं सांगू, इतक्या वर्षांत मी ते नीट बघितलंच नव्हतं. बाप खोटा दिसतो म्हणून नजर टाळायचो. आज चष्मा लावून बघितलं. धोंडिबानं बापाची मान डावीकडे वाकवली आहे. सगळे समजतात तो काच बारकाईनं बघतोय. पण डोळे बघाल तर ते अर्धे मिटलेले आहेत, एका तपकिरी रेघेत संपवलेत. सगळ्यात जास्त काम त्यानं कानावर केलंय. तांबूस खडू, त्यावर पिवळा, पाळीवर पांढऱ्याचा ठिपका. कान काचेकडे झुकलाय.

ताई, धोंडिबाला कळलं होतं. काच बरोबर कापली जाते तेव्हा कटरचा एकच सलग आवाज येतो. मध्ये तुटला की काच फुटणार. बापाला दिसत नव्हतं, पण तो आवाज तो ऐकायचा. माझा हात जरा चळला की म्हणायचा, "थांब. परत घे." त्याच्या कानावर आमचं दुकान सहा वर्षं चाललं. एकही काच आम्ही वाकडी दिली नाही. धोंडिबा देवाचा फोटो घ्यायला आला असेल, स्टुलावर बसला असेल आणि त्यानं सगळं बघितलं असेल. बाजारात कधी चकार शब्द काढला नाही. जे दिसलं ते खरंखुरं काढलं आणि गुपचूप तुमच्याकडे दिलं. खोटा मी होतो. मी चित्राला खोटं म्हणत होतो आणि ते बिचारं अठरा वर्षं माझ्याकडे कान करून बसलं होतं.

आईनं तेव्हा तुम्हाला हेच सांगितलं होतं का? का दुसरंच काही? आता ते मला कधीच कळणार नाही. बोर्ड उकलला तर खडू सांडेल, आणि तुम्ही तर तिचे शब्द बरोबरच घेऊन गेलात. ह्याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही. एवढा हट्ट कशाला? पण तुम्ही सांगितलं असतंत तर मी तेच खाली लिहून मोकळा झालो असतो आणि हा कान मला दिसला नसता, हेही खरं आहे. म्हणून रागावून झालं की हातही जोडतो.

तुमची वही उघडली. पानं कोरी होती. सरळ बोर्डावर नवा कागद लावला आणि तुमच्या पेननं लिहिलं, तुमच्यासारखंच, तोंडातून येईल तसं:

"ह्यो माजा बाप. ह्या टायमाला त्याला दिसत न्हवतं. कटर त्याच्या हातात हाय, आन् त्याचा हात माझ्या हातात व्हता, त्यो चित्रात आला न्हाई. त्यो काच बगत न्हाई, ऐकतोय. वळख पटली. दिनू फ्रेमवाला."

अक्षर तुमच्याइतकं सुरेख आलं नाही, चालवून घ्या.

आता ओळख पटली म्हणजे चित्राला भिंत आली, हा तुमचाच नियम. समितीच्या रजिस्टरात तो तुमच्या अक्षरात आहे, अजून कुणी खोडलेला नाही. उद्या वाचनालय उघडलं की मी बापाला खांद्यावर घेऊन माडीवर जातो. दारातून आत शिरलं की समोर जी जागा फ्लेक्ससाठी मोजून ठेवलीय ना, तिथेच लावतो. पितळेच्या बिजागऱ्या आणल्यात, चार इंची स्क्रूसकट. हौसाबाई येणार आहे. खोडदची दोघं येणार आहेत, वेगवेगळ्या गाड्यांनी. ज्याला काढायच्या असतील त्यानं आमच्यासमोर काढून दाखवाव्यात.

आणि हे चित्र मी उलटं लावणार आहे, ताई. पाठ बाहेर, तोंड भिंतीकडे. ज्याला माझा बाप बघायचा असेल त्याला आधी वाचावं लागेल.